कोकम आणि केमोथेरपीतील ऑक्सिडीभवन ताण

केमोथेरपीची काही औषधे पेशींत फ्री रॅडिकल, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू, निर्माण करतात आणि त्यांचा मार कर्करोगाबरोबर निरोगी अवयवांनाही बसतो. हाच ऑक्सिडीभवन ताण. रोजच्या जेवणातल्या वनस्पती हा मार कितपत झेलू शकतात, हा या नोंदीचा विषय. कोकणात ही चर्चा हळद, आवळा, शेवगा अशी वळणे घेत बहुधा कोकमापाशी येऊन थांबते.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध आगळासारखे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसासारखे, लाल असते. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीलाही लालसर रंग येतो. त्याच्या रेणूत क्विनोनची जोडणी आहे. पेशीतली विकरे (एन्झाइम) तिला इलेक्ट्रॉन देतात, ती तो ऑक्सिजनच्या गळ्यात मारून मोकळी होते आणि पुन्हा नवा घ्यायला तयार. दर फेरीला एक सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल जन्मतो. हृदयाच्या स्नायूत कॅटॅलेजसारखी राखणदार विकरे कमी, त्यामुळे तिथे इजा जास्त. म्हणूनच या औषधाची आयुष्यभराची एकूण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. सिस्प्लॅटिनचा असाच त्रास मूत्रपिंडांना आणि कानांना होतो, ब्लिओमायसिनचा फुप्फुसांना.

कोकमाचा लाल मात्र निराळ्या जातीचा. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत अँथोसायनिन रंगद्रव्ये असतात, शिवाय गार्सिनॉल हे पिवळे द्रव्य आणि हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. पहिली दोन परीक्षानळीत फ्री रॅडिकलना चांगलीच वेसण घालतात. पण सालीतले सगळे ताटापर्यंत पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये फळे फोडून साली रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, अशी पुटे देत आमसूल काळपट होते. अँथोसायनिन ऊन आणि उष्णता दोन्हींना कच्चे. मीठ घालून काढलेल्या आगळात रंग जास्त टिकतो, पण मीठही तितकेच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते फळाच्या ओळखीसाठी, औषधी गुणांचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे, हे बाटल्यांवरच्या जाहिराती सोयीस्कर विसरतात.

पुरावा बहुतांशी उंदरांवरचा आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने डॉक्सोरुबिसिनपासून हृदयाचा आणि सिस्प्लॅटिनपासून मूत्रपिंडांचा बचाव झाल्याचे प्राण्यांत दिसले, आवळ्याच्या अर्काने सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा त्रास कमी झाल्याचेही. पण ढाल कुणाच्या हातात पडेल याचा नेम नसतो. २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील एका प्रयोगात आहारातल्या कर्क्युमिननेच सायक्लोफॉस्फामाइडचा गाठीवरचा परिणाम कमी केला. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या ११३४ रुग्णांची पाहणी २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. त्यात केमोच्या आधी आणि दरम्यान अँटिऑक्सिडंटच्या (फ्री रॅडिकलना आवरणाऱ्या द्रव्यांच्या) गोळ्या घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचा कल दिसला. अशी पाहणी कारण सिद्ध करत नाही, पण सावध नक्की करते. डॉक्सोरुबिसिनपासून हृदय वाचवण्यासाठी गरजेनुसार देतात ते डेक्सराझोक्सेन हे औषध. ती जागा अजून कुठल्या फळाने घेतलेली नाही. जेवणातले आमसूल आणि दिवसाला चार कॅप्सूल अर्क यांत म्हणूनच फरक करायला हवा.

ताटातल्या कोकमाचा उपयोग वेगळाच, आणि तो खरा आहे. केमोने तोंडाची चव जाते, धातूसारखे लागते, भातावरची वासना उडते. तेव्हा आमसुलाच्या पातळ सारासोबत चार घास उतरतात. मात्र तोंड आले असेल तर आंबट झोंबते, आणि सोलकढीतली लसूण-मिरची तर डोळ्यांतून पाणीच काढते. त्या दिवसांत तांदळाची पेज आणि मऊ भात बरा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्या नारळाच्या रसाची, सकाळी करून संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेली कढी टाळावी; ती लवकर नासते. सिस्प्लॅटिन चालू असेल किंवा रक्तदाब असेल तर आगळातल्या मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे. गणपतीच्या दिवसांत घरोघर येणारे पपनस ग्रेपफ्रूटच्या मूळ कुळातले. ग्रेपफ्रूट काही औषधांचे यकृतातले विघटन अडवते, तेव्हा पपनसाबद्दलही विचारलेले बरे.

याच मुलखाच्या डोक्यावर, सह्याद्रीच्या रानात, नरक्या नावाचे झाड वाढते. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते आणि त्याच्यापासून इरिनोटेकान व टोपोटेकान ही केमोचीच औषधे तयार होतात. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन मिळते. ते वेगळे काढून, मोजून, शिरेतून देतात. पानांचा काढा करून पिण्यात ना मोजमाप राहते ना शुद्धता, आणि तो विषारी ठरू शकतो.