मधुमालतीचं बी, जंत आणि मेंदू

जंतनाशक दिन जवळ आला की सोलापुरात शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलच्या गोळ्यांची तयारी सुरू होते. जंतांवरच्या औषधाचा एक जुना धागा मात्र इथल्याच बंगल्यांच्या फाटकांवर चढलेला असतो. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होणारी मधुमालती, म्हणजेच रंगून वेल.

चीनमध्ये या वेलीच्या बिया मुलांना जंतांवर देण्याची रीत फार जुनी. जपानमध्ये त्याच कामासाठी समुद्रातलं एक लाल शेवाळ वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शेताला मैल्याचं खत पडत असल्याने गोल जंत घरोघर होते, त्यामुळे शेवाळातलं नेमकं काय लागू पडतं हे शोधणं निकडीचंच होतं. १९५३ मध्ये ताकेमोतो आणि सहकाऱ्यांनी त्यातून काइनिक आम्ल वेगळं केलं. हे एक ॲमिनो आम्ल. जंत त्याने लुळा पडतो, आतड्याला धरून राहू शकत नाही आणि शौचावाटे बाहेर पडतो. पुढे मधुमालतीच्या बियांतूनही असंच एक ॲमिनो आम्ल मिळालं. वेलीच्या क्विसक्वालिस या जुन्या शास्त्रीय नावावरून त्याला क्विसक्वालिक आम्ल म्हणतात.

खरी कलाटणी १९७० ची. शिनोझाकी आणि कोनिशी यांनी जंतनाशकं उंदराच्या मेंदूतल्या पेशींवर तपासली, तेव्हा काइनिक आम्लाने त्या पेशी जोरात उद्दीपित झाल्या. आपल्या मेंदूत निरोप पोचवणारं ग्लुटामेट हेही ॲमिनो आम्लच, आणि ही द्रव्यं त्याच्याच जागी जाऊन बसतात. त्या जागांच्या एका गटाला आजही काइनेट हेच नाव आहे. आतड्यातल्या किड्यासाठी शोधलेलं द्रव्य अपस्माराच्या अभ्यासाचं हत्यार झालं, इतकं की २००० च्या सुमारास त्याचा तुटवडा पडला तेव्हा मेंदूवरच्या संशोधनाची कामं अडली. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

म्हणूनच कळकळीने सांगते, घरगुती उपाय म्हणून मधुमालतीच्या बिया मुलांना देऊ नका. जास्त झाल्या तर उचक्या आणि उलट्या लागतात, आणि कोणत्या बीत किती आम्ल आहे हे घरी कळायला मार्ग नाही. अल्बेंडाझोलची वाट वेगळी आहे. ते जंताला ग्लुकोज शोषू देत नाही आणि त्याची मात्रा ठरलेली आहे: ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, पूड करून पाण्यातून.