मूलगामी अनिश्चिततेतील निर्णय

पुढे काय काय घडू शकेल याची यादीच पुरी होत नाही, किंवा यादी असली तरी कशाची शक्यता किती हे आकड्यांत मांडायला आधार नसतो, अशा स्थितीत घ्यावा लागणारा निर्णय.

फासा टाकताना कोणते दान पडेल ते ठाऊक नसते. बाजू सहाच आहेत हे मात्र ठाऊक असते. ही झाली जोखीम. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता वेगळी केली. उद्योजकाच्या नफ्याचे मूळ त्यांना दुसरीत दिसले. वीस वर्षांनंतरचा तांब्याचा भाव हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३७ मध्ये दिलेले उदाहरण याच जातीचे.

अशा वेळेसाठी काही नियम सुचवले गेले. गणितज्ञ अब्राहम वॉल्ड यांचा नियम सावध आहे : प्रत्येक पर्यायात वाईटात वाईट काय होईल ते पाहावे आणि त्यांतले सर्वांत सुसह्य निवडावे. संख्याशास्त्रज्ञ लेनर्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये पश्चात्तापाचे माप घेतले : दुसरा पर्याय बरा होता अशी मागाहून वाटू शकणारी जास्तीत जास्त हळहळ ज्यात सर्वांत कमी, तो पर्याय घ्यावा. काहीच ठाऊक नसेल तर सगळ्या शक्यता समान धराव्यात, हा जुना उपाय भोळा वाटतो. ‘पाऊस’ आणि ‘कोरडे’ अशी विभागणी केली तर पावसाच्या वाट्याला निम्मी शक्यता येते. पावसाचे ‘रिमझिम’ आणि ‘मुसळधार’ असे दोन भाग केले की तीच दोन तृतीयांश होते. आभाळ तेच, बदलली ती यादी.

माणसांचा कल अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये एका कोड्यातून दाखवला. पात्रात ३० लाल चेंडू, आणि काळे व पिवळे मिळून ६०. त्यांतले काळे किती हे अज्ञात. लाल की काळा अशी पैज लावायची तर बहुतेक जण लाल घेतात. ‘लाल किंवा पिवळा’ की ‘काळा किंवा पिवळा’ असे विचारले की तेच लोक दुसऱ्या जोडीकडे वळतात. पहिली निवड काळ्याची शक्यता लालपेक्षा कमी धरते, दुसरी जास्त; या दोन्ही निवडींना एकाच वेळी लागू पडेल असा संभाव्यतेचा कोणताही हिशेब नाही.

पण इथेही रंग तीनच आहेत. यादीच अपुरी असेल तेव्हा कोणत्या पर्यायात काय घडेल हे मांडणारे, वरच्या नियमांना लागणारे तक्ते भरताच येत नाहीत. मग प्रश्न बदलतो : आजचा निर्णय उद्या फिरवता येईल का? लंडनच्या पूरसंरक्षणासाठी आखलेल्या ‘टेम्स एस्च्युअरी २१००’ या योजनेत समुद्र किती चढेल याच्या एकाच अंदाजावर भिस्त ठेवलेली नाही. पातळी मोजत राहायचे आणि ती ठरावीक टप्प्याजवळ आली की पुढचा मार्ग निवडायचा, अशी तिची रचना आहे. वाट मोकळी ठेवण्यालाही खर्च येतोच : मोठ्या बांधकामाला वर्षे लागतात, त्यामुळे इशाऱ्याची रेषा धोक्याच्या बरीच अलीकडे आखावी लागते.