क्लचातली दोन मिली हवा

मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याहून कोल्हापूरला परतताना कळे गावात चहाला थांबलो. निघताना रिव्हर्स टाकला, तर गिअर खर्रर्र करून ओरडला. क्लच पार तळाला दाबलेला होता तरीही. पटपट तीन-चार वेळा पाय मारला, मग गिअर निमूट पडला. फुलेवाडीपर्यंत हाच खेळ चालला. पहिल्या दाबाला पेडल मिसळीबरोबरच्या ब्रेडसारखं मऊ, तिसऱ्या दाबाला जरा ताठ.

दुसऱ्या दिवशी गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी बॉनेटही उघडलं नाही. सीटवर बसले, एकदा पाय मारला आणि म्हणाले, "हवा धरलीया."

क्लचाच्या एवढ्याशा पाइपात मावून मावून हवा मावणार किती? आकडे मांडून बघितले तेव्हा कळलं की अगदी थोडीही पुरते.

जुन्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल जायची. हायड्रोलिक क्लचात तिच्या जागी तेलाचा खांब असतो. पेडलमागे एक छोटा पंप, तो मास्टर सिलिंडर. गिअरबॉक्सपाशी दुसरा, तो स्लेव्ह. मधे बोटापेक्षा बारीक नळी. एका टोकाला दाबलं की तोच दाब बंद द्रवात सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्याचं लिखाण छापून आलं 1663 साली, तो गेल्यावर वर्षभराने. उद्यमनगरातला प्रत्येक हायड्रोलिक प्रेस याच नियमावर चालतो.

हिशोबासाठी मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 16 मिलिमीटर आणि स्लेव्हचा 20 धरू. पायाचा जोर 10 किलो. पेडलची तरफ तो पाचपट करते, म्हणजे मास्टरच्या पिस्टनवर 50 किलो. पिस्टनचं क्षेत्रफळ 2 चौरस सेंटिमीटर, म्हणून तेलात दाब तयार होतो चौरस सेंटिमीटरला 25 किलो. गाडीच्या टायरात जेवढी हवा भरतो त्याच्या दहापटीहून जास्त. स्लेव्हचं क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे तिकडे तोच दाब 78 किलोंचा रेटा देतो. बदल्यात अंतर मोजावं लागतं. मास्टरचा पिस्टन 30 मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा 19 सरकतो. या सगळ्या खटाटोपात इकडून तिकडे जाणारं तेल भरतं फक्त 6 मिली.

आता यात 2 मिली हवा घाला. खोकल्याच्या औषधाच्या चमच्यात 5 मिली मावतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या दाबाखाली तेल आकसतं हजारात जेमतेम एक-दीड भाग. हवा मात्र जवळपास सव्वीसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे नाहीशीच झाली म्हणा. पायाने ढकललेल्या 6 मिलीतले 2 मिली हवा दाबण्यातच खर्ची पडतात. स्लेव्ह 19 ऐवजी 13 मिलिमीटरच सरकतो आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाच्या जड चाकापासून, पुरती सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचे वेग जुळवणारी जोडणी, नसतो, त्यामुळे बोंब मारायचा पहिला मान त्याचा. पटपट पाय मारल्यावर गिअर पडतो, कारण दर खेपेला मास्टरला तेल पुरवणाऱ्या छोट्या टाकीतलं थोडं जादा तेल आत ओढलं जातं आणि कमी पडलेली जागा तात्पुरती भरून निघते. दुखणं झाकलं जातं, एवढंच.

मग ही हवा शिरली कुठून? मिस्त्रींनी टाकीचं झाकण काढलं. तेल नवं असताना फिक्कट मधासारखं असतं, माझं कोऱ्या चहासारखं झालं होतं. क्लचात तेल पडतं ते ब्रेक ऑइलच. पुष्कळ गाड्यांत दोघांची टाकीही एकच असते. हे तेल ग्लायकॉलच्या जातीचं, आणि त्याची खोड आपल्या गुळाची. श्रावणात ढेप उघडी ठेवली तर तिला जसं पाणी सुटतं, तसं हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. फरक इतकाच की गुळाचं आपल्याला दिसतं, याचं दिसत नाही. पाणी आत मुरलं की सिलिंडरला आतून गंज चढतो, खड्डे पडतात, ते खड्डे रबरी वायसर खरवडतात आणि तिथून तेल बाहेर, हवा आत. शिवाय उकळबिंदू उतरतो. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलला कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसचा निकष आहे. 3.7 टक्के पाणी शिरलेल्या तेलासाठी तोच 155 धरतात. घाटात हाफ क्लचवर गाडी खेळवणाऱ्याने, आणि ब्रेकची टाकी तीच असलेल्याने तर नक्कीच, हा आकडा ध्यानात ठेवावा. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडलच्या लेखी वाफ काय, हवा काय, दोन्ही सारखेच. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं.

हवा काढण्याआधी गळती शोधली पाहिजे. नाहीतर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मिस्त्रींनी स्लेव्हची रबरी टोपी बोटाने मागे सारली. आत ओलं. मास्टर गळत असेल तर तेल पेडलच्या दांडीवरून पायातल्या मॅटवर येतं, आणि आमच्याकडे जुलैत ओली मॅट बघून कोण दचकणार? बोटावर घेऊन चोळायचं. पाणी वाळतं, हे बुळबुळीत राहतं.

त्यांनी ड्रॉवरमधून दोन वायसर काढून तळहातावर ठेवले. एक नवा, टणक, काठ धारदार. दुसरा फुगून मऊ पडलेला, बोअरमध्ये शिरायला तयार नाही. एका शेतकऱ्याने तेल कमी दिसलं म्हणून घरातलं ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल ओतलं होतं. नाव हायड्रोलिक, म्हणजे चालणारच, असा हिशोब. पण ते खनिज तेल, आणि ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर ते पिऊन फुगतं. मास्टर, स्लेव्ह, होज, सगळं बदलावं लागलं.

माझं किटवर, म्हणजे नव्या रबरी वायसरांच्या संचावर, भागलं. मग खरं काम. स्लेव्हवर हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, तो निपल. त्यावर पारदर्शक नळी चढवली, तिचं दुसरं टोक तळाशी थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवलं. मी पेडलवर, मिस्त्री गाडीखाली.

"दाब. धर." मी दाबून धरला. खाली पान्याने निपल अर्धा फेरा ढिला झाला आणि पाय आपोआप तळाला गेला. "सोडू नको हां!" निपल बंद झाला. "आता सोड."

सगळा खेळ या क्रमात आहे. निपल उघडा असताना पाय उचलला तर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. नळीतून आधी काळपट तेल आलं, मग साबुदाण्याएवढे बुडबुडे, मग मोहरीएवढे. दर पाच-सहा दाबांनी टाकीत तेल घालायचं, कारण ती रिकामी झाली की वरून हवा शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात. तेल बॉनेटवर सांडलं तर नुसतं फडक्याने पुसू नये, लगेच भरपूर पाणी ओतावं. ते पाण्यात विरघळतं, आणि राहिलं तर रंग उचलतं.

तरी पेडल थोडं मऊ लागतच होतं. बुडबुडा स्वभावाने वर जातो. मास्टर वर, स्लेव्ह खाली, आणि निपल स्लेव्हवर. म्हणजे आम्ही त्याला त्याच्या मनाविरुद्ध खाली रेटत होतो. तेलाचा वेग त्याच्या चढण्यापेक्षा जास्त असेल तरच तो खाली येतो, नाहीतर दर दाबाला जरा उतरतो आणि मधल्या वेळात पुन्हा चढतो. मिस्त्रींनी मग उलटा डाव टाकला. टाकीतलं थोडं तेल उपसलं, मोठ्या कोऱ्या सिरिंजमध्ये ताजं तेल भरलं, सिरिंज नळीला जोडली आणि खालून वर हळूहळू ढकललं. मी टाकीत डोकावून बसलो होतो. थोडा वेळ काहीच नाही. मग गुळगुळीत तेलावर एक चांगला टपोरा बुडबुडा आला, क्षणभर थांबला आणि फुटला.

निपल बेताने आवळला, त्यावर टोपी बसवली. टाकीत तेल काठोकाठ भरायला गेलो, तर मिस्त्रींनी हात धरला. क्लच प्लेट झिजत जाते तशी स्लेव्हचा पिस्टन मागे रेटला जातो आणि तेल टाकीत परत येतं. ब्रेकच्या नेमकं उलट. मॅक्सच्या रेघेच्या जरा खालीच थांबलो.

इंजिन चालू केलं, क्लच दाबला, मनात तीन मोजले आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही. "आता आवाज आला तर माझ्याकडं ये," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "नाय आला तर दोन वर्सांनी ये."