बांधकाम कंत्राटाचे प्रशासन

बांधकाम कंत्राटाचे प्रशासन : इमारत, रस्ता, पूल, कालवा यांसारखे काम ठरलेल्या दरात, दर्जात आणि मुदतीत पुरे व्हावे म्हणून मालक व कंत्राटदार यांच्यातील कराराची कामाच्या जागेवर होणारी रोजची अंमलबजावणी. मोजमापे, देयके, जादा कामे, मुदतवाढ, दोषदुरुस्ती आणि वाद हे तिचे मुख्य विषय. भारतात बांधकाम करारांसाठी स्वतंत्र कायदा नाही; भारतीय करार अधिनियम, १८७२ ची सर्वसाधारण कलमेच येथे लागू होतात. त्यामुळे कोणाचा हक्क किती, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा निविदेला जोडलेल्या छापील अटींत शोधावे लागते, आणि त्या अटी मालकाने लिहिलेल्या असतात. या नोंदीत प्रामुख्याने महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील पद्धत विचारात घेतली आहे. राज्यातील इतर अनेक शासकीय यंत्रणांचे निविदा नमुनेही तिच्यावरच बेतलेले आहेत.

कामाला आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी, त्यानंतर निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. निविदेचे तीन नमुने रूढ आहेत. बी-१ नमुन्यात दर विभागच देतो आणि कंत्राटदार त्यावर सरसकट टक्केवारी भरतो. ‘दहा टक्के बिलो’ किंवा ‘पाच टक्के अबव्ह’ ही भाषा त्यातूनच आली. बी-२ मध्ये कंत्राटदार प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. सी नमुना ठोक रकमेचा असतो. फार खाली दर भरल्यास जादा सुरक्षा ठेव मागतात, पण खाली दराने घेतलेले काम पुढे जादा बाबी आणि वाढीव परिमाणे दाखवून भरून काढण्याची प्रवृत्ती तेवढ्याने थांबलेली नाही.

मोजमाप पुस्तिका : या सगळ्या व्यवहाराचा कणा म्हणजे मोजमाप पुस्तिका, बोलीभाषेत ‘एमबी’. तिची पाने छापील क्रमांकाची असतात. खाडाखोड चालत नाही; चुकलेला आकडा वाचता येईल असा छेदून शेजारी सही करावी लागते आणि कोरे राहिलेले पान रद्द करावे लागते. कनिष्ठ किंवा शाखा अभियंता मोजमाप लिहितो, वरिष्ठ अभियंते त्यातील ठरावीक भाग प्रत्यक्ष जागेवर पडताळतात आणि कंत्राटदार मान्यतेची सही करतो. एवढी शिस्त असते, कारण वाद न्यायालयात गेल्यावर ही पुस्तिका पुरावा म्हणून पुढे येते.

मोजायचे कसे, हे भारतीय मानक आयएस १२०० ठरवते. उदाहरणार्थ, गिलाव्यात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट होत नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरच्या खिडकी-दाराची वजावट, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असल्यास, एकाच बाजूची होते; चौकटीच्या कडांचा गिलावा मात्र वेगळा मोजत नाहीत. ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा होतात आणि कडा मोजात धरल्या जातात. हे नियम माहीत नसल्याने होणारी भांडणे देयकांच्या वादांत पुष्कळ असतात. त्याहून कठीण प्रश्न झाकल्या जाणाऱ्या कामाचा. पायाची खोली, खोदाईत लागलेला खडक आणि स्लॅबमधील सळई काँक्रीट पडण्यापूर्वीच मोजली पाहिजे. म्हणून काम झाकण्याआधी अभियंत्याला लेखी सूचना देण्याची अट असते. तशी सूचना न देता झाकलेले काम उघडून दाखवण्याचा खर्च कंत्राटदारावर पडतो. भिंत पाच वर्षांनीही मोजता येते, पण खोदलेला मुरूम होता की खडक, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

मोजमापांवरून चालू देयक निघते. छापील अटींनुसार ते अंतिम देयकापोटी दिलेली उचल असते. चालू देयक मिळाले म्हणजे ते काम कायमचे स्वीकारले गेले, असा अर्थ होत नाही. मजूर कल्याणाचा १ टक्का उपकर आणि सुरक्षा ठेव अशा कपाती याच देयकातून होतात.

जादा काम : निविदेतील परिमाणे अंदाजाची असतात. बी-१ आणि बी-२ नमुन्यांच्या ३८व्या कलमाप्रमाणे एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तरी दर बदलत नाही. त्यापलीकडच्या भागासाठी नवा दर ठरवता येतो. निविदेत नसलेल्या कामाला आधी लेखी आदेश हवा. प्रत्यक्षात साहेब जागेवर येतात, ‘हे करून टाका, मंजुरी नंतर घेऊ’ म्हणतात आणि त्यांची बदली होते. अशा वेळी करार अधिनियमाचे कलम ७० कामी येते : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स (१९६२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विधिवत सरकारी करार झालेला नसतानाही या कलमाखाली कंत्राटदाराला पैसे मिळवून दिले. अर्थात, काम झाले आणि सरकारने ते वापरले, हे सिद्ध करावे लागतेच.

मुदत आणि दंड : मुदतीच्या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल नाशिकच्या कामातून आला. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरील जलसेतूचे काम जुलै १९५५ मध्ये १२ महिन्यांच्या मुदतीने दिले गेले. जोराचा पाऊस, जागेवर जायला धड रस्ता नाही आणि अधिकाऱ्यांनी नाकारलेले साहित्य, अशी कारणे कंत्राटदाराने दिली. सरकारने ऑगस्ट १९५६ मध्ये कंत्राट रद्द केले. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या करारात उशिराबद्दल दररोजचा दंड आणि मुदतवाढ या दोन्हींची तरतूद आहे, त्यात मुदत हे कराराचे सार आहे (म्हणजे ती चुकताच करार रद्द करता येतो) असे नुसते लिहिल्याने ती सार ठरत नाही. नवी वाजवी मुदत ठरवून नोटीस न देता केलेली रद्दी चुकीची ठरली. तेव्हापासून मुदतवाढीचा अर्ज वेळेवर करणे आणि त्यावर वेळेवर निर्णय देणे, दोन्हींचे वजन वाढले. निदान कागदावर; प्रत्यक्षात कित्येक मुदतवाढी काम संपल्यावरच मंजूर होतात.

बी-१च्या दुसऱ्या कलमाखाली उशिराचा दंड अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. करार अधिनियमाचे कलम ७४ मात्र करारात लिहिलेल्या रकमेला कमाल मर्यादाच मानते. त्याच्या आत जी भरपाई वाजवी असेल तेवढीच मिळते, हे फतेह चंद खटल्यात (१९६३) घटनापीठाने स्पष्ट केले. नुकसान मोजणे अवघड असेल, तर आगाऊ ठरवलेली वाजवी रक्कम पुराव्याविना मान्य होऊ शकते, असे ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स (२००३) सांगतो. दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा निकाल पुढे करतात.

खाजगी कामात सरकारी अभियंत्याची ही भूमिका वास्तुविशारद बजावतो. त्याच्या प्रमाणपत्रावर देयक निघते. घर घेणाऱ्याचा संबंध विकासकाशी असतो, कंत्राटदाराशी नाही. स्थावर संपदा अधिनियमाखाली (‘रेरा’) ताब्यानंतर ५ वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

वाद : सरकारी नमुन्यांत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानण्याचे कलम असते. ज्या विभागाने दर ठरवले, मोजले आणि देयक रोखले, त्याच विभागाचा अधिकारी निवाडाही करतो, ही या पद्धतीची मूळची दुखरी जागा. अशा स्वरूपाचे कलम म्हणजे लवादाचा (न्यायालयाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा करून घेण्याचा) करार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध टिपर चंद (१९८०) या निकालात ठरवले. लवाद अधिनियम, १९९६ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने पक्षकाराच्या कर्मचाऱ्याला लवाद होण्यास मनाई केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सार्वजनिक करारांतील एकतर्फी लवाद नेमणुकीची कलमे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. त्याच वर्षी जूनमध्ये मात्र केंद्रीय वित्त मंत्रालयाने केंद्र सरकारच्या करारांत लवाद शक्यतो १० कोटी रुपयांच्या आतील वादांपुरताच ठेवण्याची सूचना केली होती. म्हणजे लवाद निष्पक्ष होत असतानाच मोठ्या वादांना त्याचे दार बंद होऊ लागले.

लवादाचे कलम नसेल, तर दावा न्यायालयात जातो. बांधकाम करारांचे वाद २०१५ च्या व्यापारी न्यायालय अधिनियमाखाली येतात. मुदत कायद्याप्रमाणे, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसल्यास केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. ‘फायनल बिल निघेल’ या भरवशावर थांबलेल्या छोट्या कंत्राटदारांची ही ३ वर्षे बहुधा पत्रव्यवहारातच सरतात.