पोस्टग्रेसमधील अधिकारांचा वारसा

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत एक रोल (वापरकर्ता किंवा गट) दुसऱ्या रोलचा सदस्य झाला, की दुसऱ्याचे अधिकार त्याला आपोआप वापरता यावेत की नाहीत, हे ठरवणारी व्यवस्था. 2005 मधील 8.1 आवृत्तीपासून वापरकर्ते आणि गट हे वेगळे राहिले नाहीत. दोन्हींसाठी रोल हीच एक संकल्पना आहे. लॉगिन करता येणारा रोल म्हणजे वापरकर्ता.

पूर्वी वारशाची खूण सदस्य रोलवर असे : इनहेरिट (वारसा चालू) किंवा नोइनहेरिट (वारसा बंद). ती त्याच्या सगळ्या सदस्यत्वांना सरसकट लागू पडे. अहवाल वाचण्याची परवानगी कायम हवी, पण टेबलांच्या मालक रोलचे अधिकार मुद्दाम मागितल्यावरच मिळावेत, ही अगदी रोजची गरज. तीही धड भागत नसे. 2023 मधील 16 व्या आवृत्तीने हा निर्णय प्रत्येक सदस्यत्वावर सोपवला, आणि ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

‘ग्रँट मालक टू आशा विथ इनहेरिट फॉल्स, सेट ट्रू’ असा आदेश दिला (आशाला मालक रोलचे सदस्यत्व, वारसा बंद, पण त्या रोलवर जाण्याची मुभा), तर केवळ या सदस्यत्वाच्या बळावर आशाला मालकाचे टेबल चुकून ड्रॉप करता (काढून टाकता) येत नाही. त्यासाठी तिला आधी ‘सेट रोल मालक’ म्हणावे लागते. त्यानंतर तिने तयार केलेले टेबलही मालकाच्याच नावावर जाते. ‘रीसेट रोल’ केले की ती मूळ रोलवर परतते. सुपरयूझर (सर्वाधिकार), क्रिएटडीबी (नवा डेटाबेस बनवण्याची मुभा) यांसारखे गुणधर्म तर वारशाने कधीच येत नाहीत.

जुनी खूण अजून आहे, पण आता ती फक्त नव्या सदस्यत्वांसाठी पूर्वनिर्धारित मूल्य पुरवते. त्यामुळे रोलला आज नोइनहेरिट केले तरी आधीची सदस्यत्वे जशीच्या तशी राहतात. ती बदलायची तर ग्रँट पुन्हा द्यावे लागते. अपग्रेडनंतर इथेच गफलत होते.

वारसा बंद करणे म्हणजे अधिकार काढून घेणे नव्हे. सेट ट्रू असेपर्यंत एका आदेशाचेच अंतर उरते; ही सोय हातचुकीपासून वाचवते, वाईट हेतूपासून नाही. सेट फॉल्स करूनही ॲडमिन ऑप्शन (सदस्यत्व देण्याचा अधिकार) हाती ठेवला, तर सदस्य ते सदस्यत्व स्वतःलाच हव्या त्या अटींवर देऊ शकतो. म्हणून तपासताना पीजी_ऑथ_मेंबर्स या कॅटलॉगमधील (प्रणालीच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलातील) ॲडमिन, इनहेरिट आणि सेट हे तिन्ही रकाने एकत्र पाहावेत. पीजी_हॅज_रोल या फंक्शनला ‘मेंबर’ विचारले तर केवळ सदस्यत्व कळते. अधिकार रोल न बदलता वापरता येतात का, हे ‘यूसेज’ सांगते.