फुटबॉलपटूंची कालांतर-तुलना

वेगवेगळ्या काळांत खेळलेल्या फुटबॉलपटूंची थोरवी एका मापाने जोखण्याची रीत. ठाणे-नवी मुंबईत हा विषय रोजचा आहे. घोडबंदर रोडच्या किंवा वाशी-नेरुळच्या टर्फवर रात्रीचा तास संपला, की बुटांच्या नाड्या सोडता सोडता पेले, मॅराडोना आणि मेस्सी यांची नावं निघतातच. वाद बहुधा गोलांच्या बेरजेवर येऊन थांबतो. पण गोल कोणत्या काळात स्वस्त होते आणि कोणत्या काळात महाग, हे पाहिल्याशिवाय नुसती बेरीज काहीच सांगत नाही.

गोलांचा भाव काढणं सोपं आहे. स्पर्धेतल्या एकूण गोलांना सामन्यांच्या संख्येने भागायचं, मग दोनाने भागायचं, म्हणजे एका संघाची दर सामन्याची सरासरी मिळते. खेळाडूची दर सामन्याची सरासरी काढून तिला या आकड्याने भागलं, की त्याचा गुणांक येतो. १९५४ च्या विश्वचषकात २६ सामन्यांत १४० गोल झाले, म्हणजे संघामागे २.६९. हंगेरीच्या शांदोर कोचिशने ५ सामन्यांत ११ गोल केले, म्हणजे सामन्यामागे २.२. गुणांक ०.८२. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, संघामागे १.३४. फ्रान्सच्या एम्बापेचे ७ सामन्यांत ८ गोल, गुणांक ०.८५. कागदावर ११ आणि ८ यांत मोठं अंतर दिसतं, पण आपापल्या स्पर्धेच्या मापाने दोघं जवळपास बरोबरीचे ठरतात. कोचिशच्या ११ पैकी ७ गोल दोनच सामन्यांत आले होते: दक्षिण कोरियाविरुद्ध ९-० आणि राखीव खेळाडूंचा भरणा असलेल्या पश्चिम जर्मनीविरुद्ध ८-३. प्रतिस्पर्धी कोण होता हे वेगळं तपासायचं ते याचसाठी.

याच हिशेबाने १९५८ मध्ये ६ सामन्यांत १३ गोल करणाऱ्या फ्रान्सच्या जस्त फाँतेनचा गुणांक १.२० येतो (त्या वर्षी ३५ सामन्यांत १२६ गोल), म्हणजे सरासरी संघ जितके गोल करत होता त्याहून जास्त त्याने एकट्याने केले. १९७० च्या पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरचा १.१२. हे दोघं चर्चेत मागे पडतात, हा त्यांच्यावर अन्यायच म्हणायला हवा.

पण हीच पद्धत मॅराडोनाच्या बाबतीत साफ फसते. १९८६ मध्ये त्याचे ७ सामन्यांत ५ गोल, गुणांक जेमतेम ०.५६. तिथे वाटा मोजावा लागतो: संघाच्या किती गोलांत त्याचा थेट हात होता? अर्जेंटिनाच्या १४ गोलांपैकी ५ त्याने स्वतः केले आणि ५ त्याच्या पासवर झाले, म्हणजे १४ पैकी १०. मेस्सीचा २०२२ चा हिशेब त्याला अगदी खेटून येतो: १५ पैकी १० (७ गोल, ३ पास). फरक पेनल्टींचा आहे. मेस्सीच्या ७ पैकी ४ गोल पेनल्टीवर होते, मॅराडोनाचा एकही नाही. पेनल्टी वगळूनही आणि धरूनही, असे दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. एकच मांडला की वाद पुन्हा तिथेच येतो.

नियम आणि साहित्य बदललं ते कुठल्या वर्षी, हे हाताशी असावं. पास मिळताना खेळाडू ऑफसाइड (म्हणजे नियमाबाहेर पुढे) ठरू नये म्हणून त्याच्यासमोर हवे असलेले प्रतिस्पर्धी १९२५ मध्ये तीनावरून दोनावर आले. विश्वचषकात पिवळं-लाल कार्ड आणि बदली खेळाडू १९७० पासून आले. त्याआधी जखमी खेळाडूला एकतर लंगडत खेळावं लागे, नाहीतर संघ दहावर येई. १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला पास गोलरक्षकाला हाताने पकडता येत नाही. त्यामुळे जुन्या काळचा सोव्हिएत गोलरक्षक लेव्ह याशिन आणि आजचा गोलरक्षक यांचं कामच वेगळं आहे. त्यांची तुलना फटके अडवण्यापुरती करावी, पायाने खेळण्याची करू नये. चेंडूचं वजन नियमाने सामन्याच्या सुरुवातीलाच तपासलं जाई. त्यानंतर कातडी चेंडू पावसात पाणी पिऊन किती जड झाला, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. विश्वचषकात पूर्ण कृत्रिम चेंडू १९८६ मध्ये आला. जुलैत चिखलाच्या मैदानावर हेडर मारणाऱ्याला भिजलेल्या चेंडूचं वेगळं सांगायला नको.

पुरस्कारांच्या संख्येवरून तुलना करू नये. बालों द’ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९९४ पर्यंत फक्त युरोपीय खेळाडूंना मिळे. १९९५ पासून तो युरोपीय क्लबांतल्या सर्वांना आणि २००७ पासून जगभरच्या खेळाडूंना खुला झाला. पेलेला खेळत असताना एकही मिळाला नाही तो यामुळे. त्याच्या हजाराहून जास्त गोलांतही मैत्रीपूर्ण सामने धरलेले आहेत. देशासाठी त्याचे गोल ९२ सामन्यांत ७७.

वयाची चूक सर्वांत जास्त होते. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळणाऱ्या मुंबई सिटीच्या संघात २०१४ साली, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, फ्रान्सचा ३५ वर्षांचा निकोला आनेल्का आणि स्वीडनचा ३७ वर्षांचा फ्रेडी युंगबर्ग होते. त्याच मैदानावर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ हरवलं, तेव्हा स्पेनचा फेरान तोरेस १७ वर्षांचा होता. यांतल्या कुणालाही त्या एका संध्याकाळवरून तोलणं चूक. खेळाडूची सलग पाच सर्वोत्तम वर्षं निवडावीत आणि समोरच्याचीही तितकीच घ्यावीत. निवडक क्षणांच्या चित्रफिती बाजूला ठेवून किमान तीन पूर्ण सामने पाहावेत. चेंडू पायाशी नसताना तो कुठे उभा राहतो, हे फितीत कधीच दिसत नाही.

भारतीय खेळाडूंना लावायला वाट्याची पद्धत जास्त सोयीची, कारण जुन्या काळी आंतरराष्ट्रीय सामनेच थोडे होते. मुंबईकडून खेळलेल्या नेव्हिल डिसूझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ च्या विजयात तीन गोल केले. स्पर्धेत भारताचे एकूण गोल ५, त्यांतले ४ त्याचे. सुनील छेत्रीच्या नव्वदहून अधिक गोलांपुढे ४ हा आकडा ठेवला तर डिसूझा दिसतच नाही. वाटा ठेवला तर ८० टक्के दिसतो. मात्र हे ८० टक्के फक्त ३ सामन्यांचे आहेत. म्हणून टक्केवारी लिहिताना शेजारी कंसात सामन्यांची संख्या लिहावीच.