राखून ठेवलेलं ख्रिस्तशरीर आणि ते नेणारे हात : पार्श्वभूमी

कॅथोलिक चर्चमध्ये भक्तीच्या नूतनीकरणाची चर्चा बहुधा आराधनेच्या, म्हणजे ख्रिस्तशरीरासमोरच्या प्रार्थनेच्या, तासाभोवतीच फिरते. ख्रिस्तशरीर (मिस्सा या उपासनेत पवित्र केलेली भाकर, म्हणजे छोटी पातळ चकती) चर्चमधल्या पेटीत राखून ठेवायचं ते मुळात कशासाठी, हा मुद्दा मागे पडतो. 1967 आणि 1973 च्या रोमच्या सूचनांनी हा क्रम लावून दिलेला आहे. पहिलं कारण मरणाच्या दारातल्या माणसाचं शेवटचं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर घेणं. मिस्साबाहेरचं कम्युनियन आणि आराधना ही त्यानंतरची.

1264 चा ख्रिस्तशरीराचा सण किंवा 1551 चा त्रेंतच्या धर्मसभेचा निर्णय यांपेक्षा मराठवाड्याला जास्त जाणवला तो कम्युनियनआधीच्या उपासाचा नियम. वारंवार कम्युनियन घ्यायला 1905 मध्ये प्रोत्साहन मिळालं, पण 1953 पर्यंत मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही चालत नसे. फादर वाड्यावाड्यांतून फिरणार आणि तोवर लोकांनी उपाशी थांबायचं. 1957 मध्ये उपास तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. गंगापूर-वैजापूरकडे निजामाच्या काळापासून मिशनची गावं होती. औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत मात्र 1977 मध्ये झाला. अंतरं लांब आणि फादर मोजके, ही अडचण तशीच राहिली.

म्हणूनच 29 जानेवारी 1973 चा रोमचा निर्णय इथे सर्वांत महत्त्वाचा. फादर वा डीकन (फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित) उपलब्ध नसतील, म्हातारपणाने वा आजाराने अडले असतील, किंवा गर्दीमुळे मिस्सा फार लांबणार असेल, तर नेमलेल्या प्रापंचिकाने, म्हणजे कम्युनियनच्या सेवकाने, कम्युनियन द्यावं, अशी ती परवानगी. अभिषिक्त हातांशिवाय ख्रिस्तशरीराला स्पर्श कसा, असा आक्षेप आला आणि तो अजूनही ऐकू येतो. त्यामागची श्रद्धा खरी आहे. पण आजारी माणसाला महिनोन्‌महिने कम्युनियनविना ठेवून ती श्रद्धा जपली जात नाही. आक्षेपाची रास्त बाजू वेगळीच आहे : फादर मोकळे बसलेले असताना सेवक वाटप करतात, हा गैरवापर. 2004 च्या रोमच्या सूचनेने तो स्पष्ट शब्दांत नाकारला.

नेण्याची रीत साधी, पण काटेकोर. ख्रिस्तशरीर झाकणाच्या छोट्या डबीत ठेवायचं, डबी अंगाशी धरायची आणि थेट आजाऱ्याच्या घरी जायचं. वाटेत बाजारहाट नाही, डबी खिशात ठेवून गप्पा नाहीत. घरच्यांनी स्वच्छ कापड अंथरून मेणबत्ती लावावी. पश्चात्ताप, छोटं वाचन, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, मग कम्युनियन. गिळता येत नसेल तर अगदी बारीक तुकडा घोटभर पाण्याबरोबर द्यायचा. चूक बहुतेक वेळा इथेच होते : पूर्ण भाकर दिली जाते आणि ती घशात अडकते. आजारी आणि सांभाळणारे यांना तासाचा उपास लागू नाही. शेवटी डबी पाण्याने विसळून ते पाणी प्यायचं.

पावसाळ्यात दमटपणामुळे भाकरींना बुरशी येते, त्यामुळे राखलेला साठा थोडा ठेवून पंधरवड्यात बदललेला बरा. आराधनेसाठी हाच सेवक ख्रिस्तशरीर दर्शनाला मांडू शकतो, पण त्याला ख्रिस्तशरीराने आशीर्वाद देता येत नाही. तो फक्त फादर वा डीकन देतात.

ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीनंतर बीड, जालन्याकडची धडधाकट माणसं टोळीबरोबर निघतात आणि घरी म्हातारी राहतात. सेवकच कोयता घेऊन गेला तर त्याच्या वाटची घरं कुणाकडे, हे मुकादमाची उचल घेण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.